आडवी कपाटं

नोकरी लागली की माणसाला खुर्ची मिळते, असं माझी आई म्हणायची. मलाही मिळाली. पण लातूरच्या ज्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले, तिथं एक खोली अशी होती की जिथं मुख्याध्यापकांनासुद्धा खुर्ची मिळत नसे. ती खोली म्हणजे ग्रंथालय. तिथले ग्रंथपाल सर स्वतः फरशीवर मांडी घालून बसत आणि येईल त्याला, मग तो कोणीही असो, "टेका" म्हणत.

पहिल्याच आठवड्यात मी खळ घातलेली सुती साडी नेसून तिथं गेले आणि दारात थबकले. खोलीत लोखंडी कपाटांची रांग होती आणि सगळीच्या सगळी कपाटं पाठीवर झोपलेली होती. दारं छताकडे. मला वाटलं, रंगकाम चाललंय.

"रंग कधी वाळणार?" मी विचारलं.

"रंग न्हाई, मॅडम. ती अशीच हैत. टेका."

मी टेकले. साडीची इस्त्री गेली ती गेलीच. सरांनी एका कपाटाचं दार पेटीच्या झाकणासारखं वर उचललं, त्याला लाकडी पट्टीचा टेकू दिला आणि मला आत बघायला सांगितलं. कपाट झोपलं की त्याचे कप्पे उभे होतात आणि पुस्तकांची नावं वर येतात. मी भांडायच्या तयारीने आत पाहिलं, पण खरं सांगायचं तर उभ्या कपाटापेक्षा त्यात पुस्तक लवकर सापडत होतं. मुलं त्या कपाटांच्या दोन्ही बाजूंना पंगतीला बसावं तशी बसायची आणि वाकून पुस्तक उचलायची.

त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा सर किल्लारीच्या बाजूला, आमच्याच संस्थेच्या एका खेड्यातल्या शाळेत होते. नंतर त्यांची बदली लातूरला झाली. रुजू झाल्यावर त्यांनी सहीनंतरचं पहिलं काम केलं ते हे, की आमच्या शिपायाला, म्हणजे चाचांना, हाताशी धरून एकेक कपाट आडवं केलं. छताचा पंखा उतरवून जमिनीवर ठेवायचा पंखा आणवला. चाचा ती हकिकत रंगवून सांगत. "मैं बोला, सर, कुछ गिर गया क्या? तर म्हणले, पडलं न्हाई चाचा, मीच निजवायलोय."

कारण विचारलं की सरांचं उत्तर ठरलेलं असे. "जे वर ठिवलं ते कवातरी खाली येणार. मंग आधीच खाली ठिवावं." यापुढे ते बोलत नसत. आमच्या भागात भूकंपाचं कुणी कुणाला खोदून विचारत नाही, कारण विचारणाऱ्याच्या घरीही काहीतरी असतंच. मुलांनी मात्र त्यांचं नाव आडवे सर ठेवून टाकलं. कपाटांवरून ठेवलं असं मुलं म्हणायची, पण स्वभावालाही ते चपखल बसत होतं.

कुठल्याही खोलीत शिरले की त्यांची मान आधी वर जायची. पंखा, घड्याळ, माळ्यावरची ट्रंक, सगळं बघून झालं की मग ते खालच्या माणसांकडे बघत आणि त्यांना नम्रपणे सरकवत. शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची एका मोठ्या तसबिरीखाली होती. सर रोज येऊन मला हातभर डावीकडे सरकवायचे आणि मी रोज परत उजवीकडे यायचे, कारण डावीकडे उन्हाची तिरीप यायची. शेवटी मी वैतागून म्हणाले, "सर, तसबिरीचा खिळा पक्का आहे."

"खिळा पक्काच हाय, मॅडम. भिंतीचं काय?"

मी डावीकडे बसायला लागले.

त्यांच्यासमोर पाटावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला असे. तो प्यायचा नसे, बघायचा असे. पाणी थरथरलं की सर उठत आणि मुलांना घेऊन मैदानात जात. अडचण एवढीच होती की शाळेसमोरून उसाची ट्रॉली गेली तरी पाणी थरथरायचं. त्यामुळे कारखान्याचा हंगाम सुरू झाला की आमचं ग्रंथालय निम्मा वेळ लिंबाखाली असायचं. मुलांची काही तक्रार नव्हती. खोलीचं दार अडू नये म्हणून त्यात कायम एक अर्धी वीट ठेवलेली असायची, आणि संध्याकाळी चाचा ती काढून कुलूप घालत तेव्हा सर तोंड फिरवून उभे राहत.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी बजावलं, "ही कपाटं आजच्या आज उभी करा."

"करतो की, साहेब," सर म्हणाले. "तुमी हितं खाली बसा, मी उभं करतो."

साहेबांनी कपाटाकडे पाहिलं, मग फरशीकडे पाहिलं. शेऱ्यात त्यांनी ग्रंथालय सुस्थितीत असल्याचं लिहिलं आणि चहा घेऊन गेले.

असा माणूस ऑनलाइनच्या वाटेला जाईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. पण बोटाने चालणारे फोन सगळ्यांच्या हातात आले आणि वरून हुकूम निघाला की शाळांनी आपली सगळी पुस्तकं ऑनलाइन चढवायची. संगणकाचं काहीही निघालं की ते विज्ञानाच्या बाईच्या गळ्यात पडतं, तसं ते माझ्या पडलं. मी शिकवायला गेले तर सरांनी संगणक आधीच टेबलावरून उतरवून चटईवर मांडला होता. कळफलक पाटावर, सर मांडी घालून समोर, आणि बाजूला पाण्याचा पेला.

पहिल्या पुस्तकाचं नाव त्यांनी एका बोटाने टाइप केलं. त्याला एक तास गेला असता, पण मी मध्ये मदत केली म्हणून अर्ध्या तासात झालं. मग ते थांबले.

"हे हितं लिवलेलं ऱ्हातं कुठं?"

"इथं नाही राहत, सर. लांब कुठल्यातरी गावात मोठी यंत्रं असतात, तिथं राहतं."

"आन तिथं पडझड झाली तर?"

"त्याची नक्कल दुसऱ्या गावात असते."

"आन तिथं बी झाली तर?"

"मग तिसऱ्या गावात, सर. आता लेखकाचं नाव टाका."

त्यांनी लेखकाचं नाव टाकलं नाही. पेल्याकडे बघत बसले. "म्हंजी एक गाव गेलं तरी पुस्तक हाय," ते म्हणाले. तेव्हा मी हसले होते. घरी जाऊन ताट वाढून घेतलं तेव्हा ते वाक्य पुन्हा आठवलं आणि मग मला नीट जेवता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सर माझ्याही आधी शाळेत यायला लागले. इतका चिवट विद्यार्थी मला वर्गात कधी मिळाला नाही, आणि इतका आडमुठाही नाही. शेल्फ क्रमांकाच्या चौकटीत ते लिहायचे, "वाकून, उजव्या हाताला." यंत्र लाल अक्षरात ओरडायचं की अंक टाका. सर यंत्राला समजावून सांगायचे की अंक नाही, बाबा, शेल्फच उभं नाही तर अंक कुठून आणू. दोन दिवस हा वाद चालला. शेवटी त्यांनी प्रत्येक पुस्तकाला शून्य दिलं, कारण सगळी पुस्तकं जमिनीपासून शून्य उंचीवर होती. यंत्राने मुकाट्याने ऐकलं. शेऱ्याच्या चौकटीत मात्र त्यांना कुणी अडवलं नाही. "शेवटचं पान न्हाई. शेवट मला विचारा." "तापात वाचू ने." "पहिली वीस पानं दमानं घ्या, फुडं गोडी हाय." आमची पुस्तकांची यादी जिल्ह्यात सगळ्यात उशिरा पूर्ण झाली, पण बसून वाचावी अशी ती एकच असावी.

त्या फॉर्मांमध्ये त्यांना सगळ्यात आवडली ती लाल चांदणी.

"ही चांदणी कामून हाय?"

"ती असली की ती चौकट भरावीच लागते, सर. भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकत नाही."

"कुणाचाच?"

"कुणाचाच."

"कलेक्टरचा बी न्हाई?"

"कलेक्टरचाही नाही."

सर कितीतरी वेळ त्या चांदणीकडे कौतुकाने बघत राहिले. "लई न्यायाची हाय," ते म्हणाले.

मग एक ऑनलाइन प्रशिक्षण झालं. शिकवणाऱ्या बाई पुण्याच्या. जिल्ह्यातले सगळे ग्रंथपाल पडद्यावर चौकटीत दिसत होते आणि आमच्या सरांच्या चौकटीत नुसतं छत. फोन त्यांनी फरशीवर उताणा ठेवला होता, वर ठेवला तर पडेल म्हणून. बाई अदबीने म्हणाल्या, "सर, तुमच्याकडून फक्त छत दिसतंय."

"हाव," सर म्हणाले. "तेच बगायला ठिवलंय. तुमी बी जरा ध्यान असू द्या."

शाळेच्या फोनवरच्या ग्रुपात सकाळी सगळे फुलं आणि देव पाठवायचे. सर एकच ओळ पाठवायचे, "आज पाणी स्थिर आहे." सुरुवातीला आम्ही हसायचो. एका सोमवारी ती ओळ आली नाही तर शिक्षकांपैकी निम्म्यांनी त्यांना फोन केले. सरांचा फोन नुसता चार्जिंगला होता. आम्ही कुणीही ते मनावर घेतलं नसल्याचं एकमेकांना सांगितलं आणि तासाला गेलो.

हे सगळं चाललेलं असताना खोली मात्र रिकामी होत होती. लातुरात घड्याळ क्लासवर लावतात. मी मूळची नांदेडची, तिथंही आता काही कमी नाही, पण लातूरची ऐट वेगळी. पहाटेची बॅच, दुपारची बॅच, रविवारची टेस्ट, आणि त्यातून वेळ उरला तर शाळा. मुलं हजेरीपुरती यायची आणि वाचनाचा तास लागला की दप्तर उचलून क्लासला पळायची. कपाटांभोवतीची पंगत उठली. सर दार उचलून पट्टीचा टेकू लावून बसलेले असायचे आणि समोर कोणी नसायचं.

एके दिवशी संस्थेचे सचिव आले. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा मनाने वाईट नव्हते. रक्तात साखर, गुडघ्यात वात आणि डोक्यात संस्था, एवढ्यावर त्यांचं म्हातारपण चाललं होतं. ते दारातच उभे राहिले, कारण आत बसायचं तर खाली बसावं लागलं असतं.

"सर, एवढी मोठी खोली अन् माणूस एक. एक क्लासवाला मागायलाय, टेस्ट सेंटर करायला. दिवाळीपर्यंत बघतो. लेकरं दिसली तर ऱ्हाऊ द्या तुमची खोली. नसता कपाटं वरच्या मजल्यावर हलवू. तिथं जागा कमी हाय, तवा उभी करून ठेवू."

वरचा मजला आणि उभी कपाटं, या दोन गोष्टी सरांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होत्या. अण्णा गेल्यावर त्यांनी पेला उचलला आणि त्यातलं पाणी चक्क पिऊन टाकलं. मला त्या दिवशी सरांची काळजी वाटली.

मग त्यांनी शिकलेली एकेक विद्या लावून पाहिली. पालकांच्या ग्रुपात रोज एका पुस्तकाची ओळख टाकली. पुस्तकांची यादी सगळ्यांना पाठवली. पालकांकडून ढिगाने अंगठे आले, माणूस एकही आला नाही. "पूर्वी न शिकलेली माणसं अंगठा द्यायची," सर म्हणाले, "आता शिकलेली द्यायलीत."

एका रविवारी ते बाजाराला निघाले असताना एका मोठ्या क्लासच्या फाटकासमोर चहाला थांबले. आत प्रवेश परीक्षा चालू होती आणि बाहेर पालकांची जत्रा. कंधारहून पहिल्या गाडीने आलेला एक बाप भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या मुलीचा नंबर मागच्या वेळी हुकला होता, पुन्हा बसवली होती. सरांनी त्याला विचारलं की आत काय शिकवतात. त्याने हात जोडून सांगितलं, "म्हाईत न्हाई, बापा. पर लई अवघड हाय म्हणत्यात आत जायाला."

सोमवारी सर माझ्याकडे आले. "मॅडम, आपलं चुकलं कुठं ते घावलं. आपलं दार उघडं हाय म्हणून कुणी येईना."

त्यांनी दारातली वीट काढली आणि दार लोटून घेतलं. दिवसाढवळ्या ते दार बंद मी पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यांनी चटईवर बसून एक फॉर्म तयार केला आणि पालकांच्या ग्रुपात सोडला. ग्रंथालय प्रवेश परीक्षा. परीक्षा ऑनलाइन. जागा मर्यादित. निकाल ऑनलाइन.

मी चिडले. "सर, ग्रंथालय सगळ्यांसाठी असतं. ही शुद्ध फसवणूक आहे."

"फसवणूक कशी? जागा मर्यादितच हैत की. फरशीवर मांडी घालून किती लेकरं बसत्याल, तुमीच सांगा. एका वक्ताला तीस. मंग बॅच करू."

फॉर्म त्या ग्रुपातून या ग्रुपात, उदगीरला, देवणीला, देगलूरला कधी गेला ते कळलंच नाही. सरांचा फोन दिवसभर वाजायला लागला. सिलॅबस काय आहे? चुकीच्या उत्तराला मार्क कापता का? मागच्या वर्षाचे पेपर मिळतील का? माहूरच्या एका गृहस्थाने राहायची सोय कुठं होईल असं विचारलं. नांदेडहून माझ्या मावशीचा फोन आला. "तुझ्या शाळेत येवढी मोठी बॅच निघाली अन् तू घरात कामून सांगितलं न्हाईस? आपल्या लेकराचा नंबर लावून टाक." मी तिला समजावलं की मावशी, ते गोष्टीच्या पुस्तकांचं ग्रंथालय आहे. ती म्हणाली, "असू दे, पर प्रवेश मिळतोय का ते बघ." पुढच्या आठवड्यात शाळेमागच्या गल्लीत एक पाटी लागली, ग्रंथालय प्रवेश परीक्षेसाठी क्रॅश कोर्स. चाचांनी तिचा फोटो काढून आणला आणि सरांना दाखवला. सर म्हणाले, "बगा, आता खरी लायब्ररी झाली."

परीक्षेत प्रश्न एकच होता. घरातल्या सगळ्यात वडील माणसाला अशी एक गोष्ट विचारा, जी त्यांनी तुम्हाला अजून सांगितलेली नाही. ती लिहा. शेवटी लाल चांदणी.

उत्तरं यायला लागली तसे सर फोनला चिकटून बसले. कुणाच्या आजीने निजामाच्या काळात शिपायाला चकवून विहिरीत उडी मारली होती. कुणाच्या पणजोबांनी देवणी जातीच्या बैलांची जोडी शर्यतीत लावली आणि जोडी तिसऱ्याच गावाला निघून गेली. एका मुलीने लिहिलं होतं की तिच्या आजोबांनी आयुष्यात पहिलं पुस्तक वाचलं ते वयाच्या चाळिशीत, रात्रशाळेत, आणि वाचून झाल्यावर ते पुस्तक डोक्यावर ठेवून घरी आणलं. सर एखादं उत्तर वाचून हसायचे, एखादं वाचून उठून दारापर्यंत जाऊन यायचे.

मात्र काही उत्तरांत एकच आजोबा होता. तोच बाभळीचा काटा, तोच बिबट्या, तेच शहाणपण. क्रॅश कोर्सवाल्यांनी मुलांना एक तयार आजोबा लिहून दिला होता.

"ह्या म्हाताऱ्याला मी वळखायलो," सर म्हणाले. "इतक्या घरात कसा काय जेवतोय?" त्यांनी ती सगळी मुलं नापास केली आणि शेरा दिला, "घरी जाऊन विचारा. पुन्हा बसा." बाकी सगळी पास. निकालाच्या संध्याकाळी यादी उघडता उघडता पान अडकलं, कारण निम्मं लातूर एकदम ते उघडत होतं. पहिली यादी, दुसरी यादी, प्रतीक्षा यादी, सगळं रीतसर निघालं. दार उघडलं तेव्हा बॅचची मुलं बाहेर रांगेत उभी होती, आणि वाकून पुस्तकं उचलताना त्यांची डोकी एकमेकांवर आपटत होती. प्रवेश मिळालेल्याची गोष्ट पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर वाचायची, असा सरांनी नियम केला होता. त्यामुळे आईबापही मागे येऊन फरशीवर टेकायला लागले.

दिवाळी तोंडावर आली आणि एका दुपारी अण्णा आले. मला वाटलं, आता खोलीचं काहीतरी निघणार. पण अण्णा दारात उभे राहून चाचरत होते.

"सर, आमचा नातू नापास झाला म्हणं."

"हाव. त्याचा बी आजोबा बिबट्यावालाच निघाला."

अण्णा ओशाळले. "मॅनेजमेंट कोट्यात काय बसतंय का बघा की."

"कोटा न्हाई, अण्णा," सर म्हणाले. "चांदणी हाय."

अण्णांना चांदणी काय ते कळलं नाही, मी समजावून सांगितलं. ते रागावतील अशी चाचांना आणि मला भीती वाटत होती. खोली त्यांच्या हातात होती. अण्णा निघून गेले. मी सरांना म्हणाले, "एका मुलासाठी खोली घालवाल." सर म्हणाले, "एकाला सोडलं तर मंग चांदणीला काय अर्थ ऱ्हायला?" मला त्यांचा इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

चौथ्या दिवशी अण्णा नातवाला घेऊन आले. मुलाने दोन क्लासच्या मधल्या वेळात, गाडीत, अण्णांना गोष्ट विचारली होती आणि गाडीतच फॉर्म भरला होता. तो पास झाला होता. नियमाप्रमाणे गोष्ट वाचायची होती. अण्णांनी खोलीकडे पाहिलं, भिंत धरली, चाचांचा खांदा धरला आणि हळूहळू फरशीवर बसले. सरांनी फोन हातात घेऊन नातवाची गोष्ट वाचायला सुरुवात केली.

भूकंप झाला त्या पहाटे घर हललं तेव्हा माझे आजोबा ओरडत बाहेर पळाले. अंगणात आल्यावर त्यांनी बघितलं की त्यांच्या काखेत लोणच्याची बरणी आहे. आणि त्यांचे वडील आत बाजेवर आहेत. ते परत आत जाणार एवढ्यात पणजोबा स्वतःच बाहेर आले. त्यांनी डोक्याला नीट टोपी घातली होती. ते म्हणाले, "लोणचं आणलास ते बरं केलास. आता भाकरी बी आण." आजोबांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. आजीलापण नाही.

मुलं खदखदून हसली. मीही हसले. अण्णांनी आधी तोंडावर रुमाल धरला आणि मग तेही हसायला लागले, इतकं की त्यांना डोळे पुसावे लागले. "बाप मरेपर्यंत लोणचं वाढलं की माझ्याकडं बघायचा," ते म्हणाले. "एक शब्द बोलला न्हाई कधी." मग त्यांनी सहज विचारलं, "सर, तुमी काय घेऊन पळाले होते?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. सरांनी फोन पाटावर ठेवला.

"मी कायच घेतलं न्हाई. आमचं घर कुडाचं, ते नुसतं कललं. मी उठलो आन शाळंकडं पळालो. कामून पळालो काय की. त्या वक्ताला शाळंत कोण असतंय? दार उघडलं तर दोनी कपाटं तोंडावर पडलेली. जिथं लेकरं वाचत बसायची, बरोबर तिथंच. मी त्याच्याखाली हात घालून बगायलो. कुणी नव्हतंच. पर मी बगतच ऱ्हायलो, उजाडस्तवर." त्यांनी पाटावरचा पेला जरा मागे सरकवला. "लेकरं घरी होती. घरांचं काय झालं ते तुमाला म्हाईतच हाय."

ज्या कपाटांची मी इतकी वर्षं थट्टा केली, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. एका लहान मुलीने वाकून हळूच एक पुस्तक उचललं आणि वाचायला लागली. मग दुसऱ्याने उचललं.

अण्णांनी रुमालाची घडी केली. "टेस्ट सेंटर जाईल वरच्या मजल्यावर," ते म्हणाले. "ही खोली हाय तशीच ऱ्हाऊ द्या."

"वर?" सरांची मान एकदम उठली. "तिथं बी लेकरंच बसणार न्हाई का? मंग टेबलं भिंतीपासून लांब ठिवा. आन दारात एक वीट ठिवा. मी देतो."

"द्या बाबा," अण्णा म्हणाले आणि हसत उठायला गेले. गुडघ्यांनी दगा दिला. चाचा धावत आले, मीही पुढे झाले. सरांनी आम्हा दोघांना हातानेच थांबवलं, दार उघडलेल्या कपाटात वाकून एक पुस्तक काढलं आणि अण्णांच्या मांडीवर ठेवलं.

"बसा की, अण्णा. गडबड कशाची? हितं वरून कायच पडत न्हाई."

अण्णांनी मान वर करून छताकडे नीट पाहिलं. मग मांडी मोडून पाय लांब पसरले, झोपलेल्या कपाटाला पाठ टेकली आणि चष्मा शोधायला खिशात हात घातला.